चिखलदऱ्याचीं बंद घरें

संस्कृतांत ‘वस्’ म्हणजे राहणें असा एक धातु आहे. ‘वास्तु’ हा शब्द त्या धातूपासून झाला आणि ‘वसति’ हाहि त्यापासूनच झाला. मराठींतील ‘वस्ती’ ती हीच. एका कुळांतले हे दोन शब्द एके काळीं सहसा एकमेकांना सोडून राहत नसत. जेथें वास्तु तेथें वस्ती, हें गृहीतच असे. आतां मात्र वास्तु उभी आहे, तिला रंग आहे, कुंपण आहे, फाटकावर पितळी पाटी आहे, आणि वस्ती तेवढी नाहीं, असा प्रकार ठिकठिकाणीं दिसूं लागला आहे. असलीं घरें ज्यांच्या शेजारीं उभीं राहतात, त्या मूळच्या रहिवाशांस त्यांच्याविषयीं काय वाटत असेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय सुचण्यास निमित्त परदेशचें झालें. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून इंग्रजांनीं घरें विकत घेण्याचा परिपाठ गेलीं कित्येक वर्षें चालू आहे, आणि तेथील गांवकऱ्यांस हे नवे शेजारी आवडतात कीं नाहीं, याची चर्चा त्या देशांत अजून संपलेली नाहीं. ती वाचतांना मनांत आलें, कीं हा प्रसंग आम्हां वऱ्हाडकरांस नवा नाहीं. आमच्याहि डोंगरावर इंग्रज आला, त्यानें बंगले बांधले, आणि तो निघूनहि गेला. त्यानंतर त्याच डोंगरावर आम्ही स्वतः घरें घेऊं लागलों. तेव्हां आधीं आपला चिखलदरा पाहूं, मग थोडें फ्रान्सकडे वळूं, आणि शेवटीं पुन्हा आपल्या दारीं येऊं.

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर आहे. तेथवर सगळी काळी जमीन : कापूस, तूर, सोयाबीन, आणि मधून मधून संत्र्याच्या बागा. परतवाडा मागें टाकलें, कीं सातपुड्याची गाविलगडची रांग समोर आडवी येते. धामणगांव गढीवरून घाट चढूं लागावें. उन्हाळ्यांत सागाचें रान उघडें बोडकें दिसतें. आषाढांत तेंच इतकें दाट होतें, कीं वळणापलीकडचा रस्ता दिसत नाहीं. वर गेल्यावर मोथा हें गवळ्यांचें गांव लागतें. दूध आणि खवा हा तेथला जुना धंदा. अलीकडे तेथील उतारांवर स्ट्रॉबेरीहि होऊं लागली आहे. तेथून पुढें चिखलदरा. समुद्रसपाटीपासून सुमारें अकराशें मीटर उंचीचें हें पठार म्हणजे उन्हानें होरपळणाऱ्या वऱ्हाडाची माडीच म्हणावयाची. वैशाखांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांकडे धांवत असतां येथें पहांटे पांघरूण ओढून घ्यावेंसें वाटतें.

चिखलदरा हें नांव ‘कीचकदरा’ यावरून आलें असें लोक सांगतात. भीमानें कीचकास मारून येथल्या दरींत टाकलें आणि कुंडांत हात धुतले, तें भीमकुंड. जवळच वैराट नांवाचें उंच ठिकाण आहे, तें विराटाच्या नगरीची आठवण म्हणून दाखवितात. ही कथा सांगतांना एक गोष्ट बहुधा कोणी बोलत नाहीं. पांडवहि या नगरींत परगांवचेच होते. पण त्यांनीं तेथें वाडा विकत घेतला नाहीं. भीम मुदपाकखान्यांत राबला, नकुल घोड्यांच्या पागेंत, सहदेव गाईंच्या गोठ्यांत. नगरीवर संकट आलें तेव्हां ते तिच्या बाजूनें उभे राहिले. वर्षभराचा मुक्काम, पण तो वस्तीचा होता. गांवांत नव्यानें आलेल्या माणसाची परीक्षा कोणत्या गोष्टींत होते, हें त्या कथेनें पूर्वीच सांगून ठेवलें आहे.

आतां इतिहास. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या फौजेनें गाविलगड घेतला, आणि दोनच दिवसांनीं नागपूरकर भोंसल्यांशीं देवगांवचा तह झाला. गडाच्या शेजारचें हें पठार हैदराबादच्या तैनाती फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेस १८२३ सालीं पडलें, असें सांगतात. त्या वेळीं वऱ्हाड निजामाचें होतें. त्याचा कारभार इंग्रजांकडे आला तो १८५३ च्या तहानें. म्हणजे साहेब या डोंगरावर येऊं लागला तेव्हां तोहि परक्या मुलुखांतला पाहुणाच होता. पुढें मात्र पाहुण्याचा मालक झाला. एलिचपूरच्या छावणींतले लष्करी अंमलदार, मागाहून वऱ्हाडांतले मुलकी अधिकारी उन्हाळा काढण्यास वर येऊं लागले. उतरत्या छपराचे, रुंद व्हरांड्याचे बंगले झाले. कड्यांना इंग्रजी नांवें पडलीं. त्यांपैकीं ‘हरिकेन पॉइंट’ आजहि बोर्डावर आहे.

हें सर्व होण्यापूर्वी या डोंगरांत कोणी नव्हतें असें नाहीं. मेळघाट ही कोरकूंची भूमि. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळांतली नसून मुंडा कुळांतली आहे. कोरकूचें जुनें गांव पाहण्यासारखें असतें. मधून एक सरळ स्वच्छ वाट, आणि तिच्या दोहों बाजूंस समोरासमोर घरांच्या दोन ओळी. एका घरांतून बाहेर पाहिलें, कीं समोरच्याची ओसरी दिसते. गांवाच्या शिवेवर मुठवा देवाचे धोंडे असतात. मेलेल्या माणसाच्या नांवानें, सिडोलीचा विधि करून, चंद्रसूर्य व घोडेस्वार कोरलेला लांकडी खांब उभा करण्याची त्यांची चाल आहे. हे खांब जेथें आहेत तेथें आपलें गांव, इतकी त्यांची समजूत साधी आहे.

साहेबाचा बंगला आणि कोरकूचें घर यांत मोठा भेद कोणता, तर तोंडाचा. कोरकूनें घराचें तोंड शेजाऱ्याकडे केलें; साहेबानें तें दरीकडे केलें. त्याला देखावा हवा होता, शेजार नको होता. म्हणून बंगला कड्याच्या काठीं, एकांतांत, भोंवतीं कुंपण घालून उभा राहिला. गवळ्यानें दूध आणून द्यावें, कोरकूनें लांकूडफांटा आणि गवताचा भारा टाकावा, मोबदला घ्यावा आणि मागल्या दारानें परत जावें, एवढाच काय तो संबंध. पावसाळा सुरू झाला, कीं बंगला बंद. अशा घराविषयीं कोरकूस राग असेल असें म्हणवत नाहीं. राग येण्यासहि कांहीं ओळख असावी लागते.

राग येण्याजोगें जें झालें, तें बंगल्यांमुळें झालें नाहीं. १८६५ पासून जे जंगलचे कायदे झाले, त्यांनीं डोंगर जाळून करावयाची फिरती शेती बंद पाडली आणि रान सरकारी केलें. ज्यानें कालपर्यंत रान आपलें मानलें, तो परवान्याचा ताबेदार झाला. बंगला घेतांना साहेबानें कोणाचें घर हिसकावलें नसेलहि. पण त्याच्या राज्यानें घराभोंवतालचें सगळें रान घेतलें, हें रहिवाशाच्या हिशोबांतून सुटत नाहीं.

तरी गोऱ्या माणसांतहि दोन तऱ्हा होत्या, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. चिखलदऱ्याजवळ मरियमपूर म्हणून ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. ती कॅथलिक पाद्र्यांनीं वसविली. नागपूरचें हें जुनें मिशन फ्रान्समधील आन्सी येथून आलेल्या पाद्र्यांचें. त्यांचा धर्म आपला नव्हे, आणि धर्मांतराविषयीं वाचकांचीं मतें काय असावींत हें मी सांगावयास नको. पण ते पावसाळ्यांतहि डोंगरावरच राहिले, आणि वस्ती मागें ठेवून गेले. कॉफीचें झाडहि येथें गोऱ्या माणसानेंच लावलें. महाराष्ट्रांत कॉफीचें नांव काढलें, कीं चिखलदऱ्याचें नांव येतें, तें त्यामुळें. ज्यांनीं नुसता उन्हाळा काढला, त्यांचें मागें काय उरलें? कांहीं बंगले सरकारी विश्रामगृहें झाले, कांहीं पडले, आणि कड्यांचीं इंग्रजी नांवें मात्र टिकलीं.

परक्याची मालमत्ता आणि गांवचें प्रेम या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात, याचा एक नमुना डोंगराच्या पायथ्याशींच आहे. तो म्हणजे अचलपूर, मूर्तिजापूर व यवतमाळ यांना जोडणारा आगगाडीचा अरुंद फांटा. किलिक, निक्सन या विलायती पेढीनें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तो घातला, आणि घातला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईस व तेथून मँचेस्टरास नेण्यासाठीं. हेतु सगळा नफ्याचा. नवल असें, कीं स्वातंत्र्यानंतर देशांतल्या रेल्वे राष्ट्राच्या झाल्या तरी हा फांटा कंपनीच्याच मालकीचा राहिला, आणि आपल्या रेल्वेखात्यानें तो करारानें चालविला. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापुराहून अचलपूर अवघें शहात्तर किलोमीटर. गाडीला लागत चार तास. मँचेस्टरास घडविलेलें वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत तीस ओढीत होतें.

एवढी परकी असून वऱ्हाडच्या माणसानें तिला नांव दिलें ‘शकुंतला’. कण्वाच्या आश्रमांत वाढलेली शकुंतला परक्याचीच मुलगी, पण ती आश्रमाची लेक झाली. त्या नांवांतला हा अर्थ कोणीं जाणून ठेवला असो वा नसो, तो जुळला खरा. गार्ड उतरून फाटक लावी, तोच तिकिटें देई, आणि धांवत येणाऱ्या म्हातारीसाठीं गाडी थांबत असे. अलीकडे ती बंद पडली तेव्हां लोकांनीं अर्ज केले, मोर्चे काढले, ‘शकुंतला वांचवा’ म्हणून आंदोलन केलें. बंगल्यांसाठीं असा अर्ज कोणीं केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. मालक दोहोंचा इंग्रजच. फरक एवढाच, कीं गाडी बाराहि महिने गांवांतून जात होती आणि गांव तींत बसत होतें.

आतां फ्रान्सकडे वळूं. नैर्ऋत्य फ्रान्समध्यें दोर्दोन्य नांवाचा नदीकांठचा रम्य प्रांत आहे. ११५२ सालीं झालेल्या एका राजविवाहामुळें आक्वितेनचा मोठा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला, आणि त्यापायीं पुढें पिढ्यान् पिढ्या युद्धें झालीं. १४५३ मध्यें कास्तियोंच्या लढाईंत इंग्रजांचा पराभव होऊन ते तेथून गेले. पांच शतकांनीं ते परत आले, पण तलवार घेऊन नव्हे, पैशांची थैली घेऊन. त्याचें कारण अर्थशास्त्राचें आहे. फ्रान्समधील खेड्यांतलीं तरुण माणसें शहरांकडे गेलीं, आजोबांचें दगडी घर, धान्याचें कोठार, कौलें ढांसळलेला गोठा हें सारें ओस पडलें, आणि त्यांच्या किमती उतरल्या. इंग्लंडांत एक लहानशी सदनिका विकून जें द्रव्य येई, त्यांत येथें अंगणासकट घर मिळूं लागलें. पेन्शन घेतलेलीं इंग्रज जोडपीं मोठ्या संख्येनें येऊन राहिलीं. दोर्दोन्यमधील एमे हें गांव तर इंग्रजांसाठींच प्रसिद्ध झालें. तेथें क्रिकेटचा क्लबहि निघाला.

गांवकऱ्यांचें मत काय? तें एक नाहीं, आणि एक नसणें हेंच स्वाभाविक आहे. घर विकणाऱ्यास आनंद झाला. ज्या घरास गिऱ्हाईक नव्हतें त्यास भाव आला. गवंडी, सुतार, कौलें शाकारणारे यांस काम मिळालें. पडझड झालेलीं घरें पुन्हा उभीं राहिलीं. ज्या इंग्रजांनीं मुलांबाळांसकट येऊन मुलें गांवच्या शाळेंत घातलीं, त्यांच्यामुळें कोठें कोठें पटसंख्या टिकून वर्ग बंद होण्याचा वांचला. उलट, नव्यानें लग्न झालेल्या स्थानिक तरुणास घर घेणें जड झालें. कांहीं नव्या रहिवाशांनीं फ्रेंच भाषा शिकण्याचे कष्ट घेतले नाहींत; आपलींच माणसें, आपलींच वर्तमानपत्रें, आपलेच पेयपानाचे अड्डे करून ते गांवांत राहूनहि गांवाबाहेर राहिले. आणि सर्वांत मोठी तक्रार बंद खिडक्यांची. वर्षांतले दहा महिने फळ्या लावलेलीं घरें असलेल्या गल्लींत पाववाल्याचें दुकान चालत नाहीं.

या तक्रारींत एक मजेची गोष्ट दडलेली आहे. अशीं बंद राहणारीं घरें फ्रान्समध्यें लक्षावधि आहेत, पण त्यांतलीं बहुतेक इंग्रजांचीं नसून फ्रेंच लोकांचींच आहेत. पॅरिसचा किंवा दुसऱ्या मोठ्या शहरांतला गृहस्थ सुट्टीपुरतें घर घेऊन ठेवतो. इंग्रजाचा उच्चार वेगळा, म्हणून तो चटकन् डोळ्यांवर येतो. पॅरिसकर आपला म्हणून खपून जातो. कांहीं नगरपालिकांस अशा दुय्यम घरांवर जादा कर बसविण्याची मुभा तेथील कायद्यानें दिली आहे, आणि तो कर बसवितांना मालकाचें राष्ट्र विचारीत नाहींत, घरांत मुख्य वस्ती आहे कीं नाहीं एवढेंच विचारतात. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो.

आणि ज्यांनीं खरोखर वस्ती केली त्यांस गांवानें कसें वागविलें, तेंहि पहावें. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें गांवच्या निवडणुकींत उभें राहण्याचा हक्क इंग्रज रहिवाशांस होता. फ्रान्समधील खेड्यांतून असे शेंकडों इंग्रज पंच निवडून आले होते. त्यांना मतें देणारे अर्थातच फ्रेंच शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघांतून बाहेर पडलें, आणि त्या वर्षीं मार्चमध्यें झालेल्या निवडणुकींत हे पंच उमेदवार राहूं शकले नाहींत. गांवोगांवच्या सरपंचांनीं तेव्हां हळहळ बोलून दाखविली, कीं भाषांतराला, जत्रेच्या व्यवस्थेला, हिशोबाला कामास येणारा माणूस गेला. २०२१ पासून तर ज्यांस कायम राहण्याचा परवाना नाहीं, त्यांना दर एकशें ऐंशीं दिवसांत नव्वदच दिवस तेथें राहतां येतें. कायद्यानें जणूं प्रत्येकास विचारलें, कीं तुमची येथें वास्तु आहे कीं वस्ती? कित्येकांनीं परवाना काढून वस्तीच्या बाजूनें उत्तर दिलें.

हें सर्व वाचून चिखलदऱ्याकडे परत आलें, म्हणजे आपण तेथले पॅरिसकर आहों, हें ध्यानांत येतें. इंग्रज केव्हांच गेले. परदेशी नागरिकास आज आपल्या देशांत स्थायिक झाल्यावांचून स्थावर मिळकत सहसा घेतांहि येत नाहीं. आतां डोंगरावर घर, प्लॉट किंवा हॉटेल घेऊं पाहणारा गृहस्थ अमरावतीचा असतो, अकोल्याचा असतो, नागपूरचा असतो. चिखलदरा हें उण्यापुऱ्या पांच हजार वस्तीचें गांव. शनिवारीं दुपारीं मोटारींची रांग लागली, कीं जुलै-ऑगस्टांत रस्त्यावर पाय ठेवण्यास जागा नसते. राज्य शासनानें चिखलदरा व भोंवतालच्या कांहीं गांवांच्या वाढीचें नियोजन सिडकोकडे सोंपविलें आहे, आणि दरीवरून जाणारा आकाशमार्गहि बांधावयास घेतला आहे. म्हणजे पुढें गर्दी वाढणार, हें उघड आहे.

स्थानिकांस ही गर्दी नको आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. घोडा फिरविणारा, चहा-भज्यांची टपरी घालणारा, स्ट्रॉबेरी विकणारी बाई, खोल्या झाडणारी मुलगी या सर्वांची चूल पर्यटकावर पेटते. त्यांची तक्रार दुसरी आहे, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. या डोंगरावर पाऊस धो धो पडतो, पण पाणी दरींत वाहून जातें. उन्हाळ्यांत शक्कर तलाव व काळापाणी तलाव यांच्याकडे डोळे लावून बसावें लागतें. नेमक्या त्याच महिन्यांत पाहुणा येतो. हॉटेलाच्या टाकींत टँकर रिकामा होतो आणि पाड्यावरची बाई हंडा घेऊन उतार उतरते. मोथ्याचा एक वृद्ध गवळी मला म्हणाला, “मास्तर, बंगला बांधला त्यायनं, पैशेबी देल्ले. पन राती इस्तो मांगाले जाव त कोनाच्या दारी जाव?” इस्तो म्हणजे विस्तव. आगपेटी घरोघर आहे, गॅसहि आला आहे, त्यास विस्तव नको होता. अडल्या वेळीं हांक मारण्यास दार हवें होतें.

जमिनीचा कायदा येथें कडक आहे, आणि तो असावाच. विदर्भांतील कुळकायद्याप्रमाणें शेती न करणाऱ्यास शेतजमीन सरळ घेतां येत नाहीं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची, तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी व शासनाची पूर्वमान्यता लागते. हें बंधन महसूल कायद्यांत १९७४ सालीं अधिक कडक करण्यांत आलें. पुष्कळांस हें जाचक वाटतें. मालकाला आपली वस्तु विकतां येऊं नये हा कोणता न्याय, असेंहि विचारतात. पण फ्रेंच शेतकरी घर विकतो तेव्हां भाव समजून, करारपत्र वाचून विकतो. कोरकूची जमीन पूर्वी गेली ती बहुधा भावानें गेली नाहीं. मणभर ज्वारीचें कर्ज, त्यावरचें व्याज, आणि न वाचतां येणाऱ्या कागदावरचा आंगठा, अशी ती गेली. कायदा हा त्या आंगठ्याचा पहारेकरी आहे. कोणा दुसऱ्याच्या नांवानें जमीन घेऊन हा पहारा चुकविण्याच्या वाटा सुशिक्षितांसच सुचतात, ही गोष्ट आपल्या घरांतून बोलली गेली पाहिजे.

याच डोंगराची दुसरी बाजू अकोला जिल्ह्यांत उतरते, आणि तेथें हाच प्रश्न उलटा होऊन उभा राहिला आहे. १९७४ सालीं मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प झाला. गाभ्याच्या रानांतलीं गांवें हळूहळू बाहेर आणण्यांत आलीं. गुल्लरघाट, केलपाणी, बारूखेडा, सोमठाणा अशा गांवांतल्या कुटुंबांस अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आणून वसविलें. कुटुंबामागें दहा लक्ष रुपयांची योजना होती. वाघ वांचला पाहिजे याविषयीं माझ्या मनांत संशय नाहीं. परंतु सागाच्या सावलींत जन्मलेला माणूस उघड्या सपाटीवर एका चौकोनी प्लॉटावर आला, तेव्हां तो त्या भागांतला नवा रहिवासी झाला. पैसे हातीं आले आणि गेले. शेतीस जमीन, पाणी, दवाखाना यांविषयींचीं आश्वासनें अपुरीं राहिलीं, अशी त्या लोकांची तक्रार होती. जानेवारी २०१९ मध्यें कांहीं कुटुंबें परत रानांतल्या जुन्या गांवीं गेलीं, आणि तेथें त्यांचा व सरकारी पथकांचा संघर्ष होऊन दोन्हीकडचीं माणसें जखमी झालीं. पैशांच्या हिशोबानें पाहिलें तर जुन्या गांवीं परतण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. पण ज्याचें गांव पूर्वजांच्या खांबांनीं ओळखलें जातें, त्याला ‘घराची किंमत दिली’ एवढ्यानें समजूत कशी पडावी?

डोंगराच्या माथ्यावर येणाऱ्याजवळ पैसा आहे, तो हौसेनें येतो, आणि घर बंद करून जातो. डोंगराच्या पायथ्याशीं उतरविलेल्याजवळ हौस नाहीं, तो बाराहि महिने तेथेंच राहणार आहे, आणि त्यास शेजार हवा आहे. पहिल्याचें आपण ‘चला, गांवाचा विकास झाला’ म्हणून स्वागत करतों. दुसऱ्यास ‘बाहेरचे’ म्हणतों. वस्तीच्या कसोटीनें पाहिलें तर हें नेमकें उलट व्हावयास पाहिजे.

शेवटीं आपल्या दारीं येऊं. हें मासिक ज्या घरांतून वाचलें जातें, त्यांपैकीं कित्येकांचें मूळ घर दर्यापूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, अंजनगांव अशा एखाद्या गांवीं असेल. चौसोपी वाडा, मधें विहीर, माजघरांत कडीपाट, आणि दिंडी दरवाजाला कुलूप. एक मुलगा पुण्यास, एक बंगलोरास, नातू अमेरिकेंत. विकावा तर भावंडांचें एकमत नाहीं, रहावें तर कोणी तयार नाहीं. आपण अभिमानानें म्हणतों, ‘आमचा वाडा अजून आहे.’ गांवकरी काय म्हणतात, हें आपण विचारीत नाहीं. वाड्याच्या शेजारच्या शिंप्याला, वाण्याला, शाळेच्या मुख्याध्यापकाला विचारून पहावें. तो वाडा त्यांना दोर्दोन्यमधल्या फळ्या लावलेल्या घरासारखाच दिसतो. आपण तेथें परके नाहीं, म्हणून कोणी तोंडावर बोलत नाहीं, इतकेंच.

म्हणून सुचवावेंसें वाटतें तें थोडक्यांत असें. ज्यांस डोंगरावर घर घ्यावयाचें आहे त्यांनीं कायद्याच्या सरळ वाटेनें घ्यावें, पावसाचें पाणी सांठविण्याची टाकी आधीं बांधावी आणि दिवाणखाना मागाहून. राखण्यास माणूस गांवचाच ठेवावा, दूध-भाजी तेथलीच घ्यावी, वर्षांतून एकदां तरी हंगाम नसतांना जाऊन राहावें, आणि शेजाऱ्याचें नांव माहीत करून घ्यावें. ज्यांचे वाडे बंद आहेत त्यांनीं चार भावांनीं बसून एक सोपा तरी उघडावा. त्यांत वाचनालय होईल, अभ्यासिका होईल, बदलून आलेल्या शिक्षकाचें बिऱ्हाड होईल, किंवा सपाटीवर नव्यानें आलेल्या एखाद्या कोरकू मुलाची शाळेपुरती राहण्याची सोय होईल. भाडें थोडें आलें तरी चालेल. कुलूप निघालें, कीं दिवेलागणीला तेथें दिवा लागेल, आणि अडल्या वेळीं हांक मारावयास गांवास एक दार अधिक होईल.